आपल्या नावांना नावं ठेवू नका



जमिनीच्या बैठकांत हल्ली एक विषय वारंवार निघतो, आणि पहिल्यांदा ऐकताना तो जमिनीचा वाटत नाही. विषय आपल्या नावांचा आहे. तरुण पोरं म्हणतात, "सोम्या, काळ्या, बारक्या ही काय नावं झाली? सावकाराच्या वहीतली नावं आहेत ही. बदलून टाका." म्हातारी माणसं म्हणतात, "आमच्या आईबापांनी ठेवलेल्या नावांची तुम्हाला लाज वाटाय लागली का? मग उद्या आमचीबी वाटेल." दोघंही रागाने बोलतात, आणि दोघांच्याही बोलण्यात खरं आहे. म्हणून माझं मत सरळ लिहून टाकतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढच्या बैठकीत भांडा.

मराठीत नाव ठेवणं म्हणजे बारसं आणि नावं ठेवणं म्हणजे खोड काढणं. आपल्या बाबतीत साहेब लोकांनी ही दोन्ही कामं स्वतःकडे घेतली. आपलं नाव काय हे तेच कागदावर ठरवतात, आणि त्या नावाला हसतातही तेच. माझं भांडण इथे आहे, नावाशी नाही.

नावात काय साठवलेलं असतं

आपल्याकडे पोर जन्मलं की पुष्कळदा वारावरून नाव पडतं. सोमवारचा तो सोम्या, ती सोमी. मंगळवारचा मंगळ्या, मंगळी. बुधवारचा बुध्या, बुधी. शुक्रवारचा सुकुर किंवा सुकऱ्या, पोरगी असली तर सुकरी. आयतवारचा आयत्या. कुणी महिन्यावरून ठेवतं, तो चैत्या, ती चैती. नवस बोलून झालेलं पोर नवशा, नवशी. शेवटचं पोर बारक्या, बारकी. लाडाचा तो लाडक्या.

आता शाळेचा दाखला काढून बघा. पाड्यावरच्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, गुरुजींना तारीख पाहिजे असते, आईला तारीख ठाऊक नसते, मग गुरुजी १ जून टाकून मोकळे. म्हणजे दाखल्यावरची तारीख खोटी आणि नावातला वार खरा! ज्या आईला अडाणी म्हणतात तिने पोराच्या जन्माची खरी नोंद त्याच्या नावातच करून ठेवली होती. कागदवाल्याने ती नोंद पुसली आणि आपल्या सोयीची तारीख घातली. सुकुर हे नाव मला सगळ्यात आवडतं ते याच कारणासाठी. हाक मारली की शुक्रवार ऐकू येतो.

काही नावं दुःखातून आली आहेत. आधीची दोन-तीन पोरं गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, भिकू, केरू ठेवायचं. दगडाला, केराला कोण नेतं? मरणाची नजर चुकवायची ती युक्ती. ही नावं आपल्यातच आहेत असं नाही, साऱ्या महाराष्ट्रातल्या गरीब घरांत आहेत. ज्या पाड्याला दवाखाना नाही, पावसाळ्यात ओढा चढला की रस्ता नाही, तिथली आई दुसरं काय करणार होती? दगडू नावाला हसण्याआधी तो दवाखाना का नाही हे विचारा.

एक नाव मात्र मला सोसत नाही. नकुशी. पोरींच्या मागे पोरी झाल्या म्हणून नको असलेली ती नकुशी. दगडूच्या नावामागे पोर जगावं ही इच्छा आहे, नकुशीच्या नावामागे ते नसतं तर बरं अशी इच्छा आहे. ते नाव मुख्यतः देशावरच्या गावांत ऐकू येतं. आपण शहराकडून पुष्कळ गोष्टी उचलतो आहोत, हुंडासुद्धा उचलायला लागलो आहोत. हे नाव तरी उचलू नका.

'या' कुणी लावायचा

आता पोरांच्या तक्रारीकडे येतो. ती खोटी नाही. सोम्या, काळ्या, लक्ष्या या नावांच्या शेवटचा 'या' ऐकून तलाठी, गार्ड, दुकानदार सगळे अरे-तुरेवर येतात. साठ वर्षांच्या माणसाला विशीतला कारकून म्हणतो, "ए सोम्या, मागे उभा राहा." पोराला हे ऐकून राग येतो आणि तो म्हणतो नाव बदला.

पण हा 'या' काय फक्त आपल्यात आहे? बामणाच्या घरात विनायकाचा विन्या होतो, वाण्याच्या घरात सुरेशचा सुऱ्या होतो. आई हाक मारते, दोस्त हाक मारतात. फरक एवढाच की त्यांचा विन्या घरात राहतो आणि शाळेच्या रजिस्टरवर विनायक जातो. आपला लाडाचा शब्दच उचलून सरकारने सातबाऱ्यावर लिहिला. आणि मग त्याच शब्दाने हाक मारून साहेब म्हणतो, यांची नावंच अशी! विन्याला कचेरीत कुणी विन्या म्हणून बघावं, काय होतं ते कळेल.

म्हणून मी म्हणतो, 'या' हा दोष नाही. तो कुणाच्या तोंडात आहे यावर सगळं आहे. आजीच्या तोंडात तो माया आहे, गार्डाच्या तोंडात तीच शिवी होते. शिवी देणाऱ्याचं तोंड सुधारायचं का आजीने दिलेलं नाव टाकायचं? मला पहिलं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. संघटनेच्या माणसाने कचेरीत ठणकावून सांगावं, "सोम्या नाही, सोम्याबाबा म्हणा. वयाने मोठे आहेत." एकदा सांगून बघा. दुसऱ्या खेपेला आवाज खाली येतो.

आणि 'या' असलेल्या नावाने मोठेपण अडत नाही. टंट्या भिल्लाला इंग्रजांनी १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिलं. निमाडातले लोक अजून त्याला टंट्या मामा म्हणतात. नावात 'या' आहेच, पण लोकांनी पुढे मामा लावला. झाला की नाही मान? आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये चित्रकलेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाव जिव्या, बापाचं नाव सोमा, दोन्ही आपलीच. पुरस्कारासाठी जिव्याचं जीवन करावं लागलं नाही. आणि १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात जेठ्या गांगड गेला. वेठ आणि लग्नगडी बंद करण्यासाठी तो उभा राहिला होता. थोरला म्हणून जेठ्या म्हणा नाहीतर जेठ महिन्याचा म्हणून म्हणा, नाव दोन्हीकडून बसतं. वेठीविरुद्ध मेलेल्या माणसाचं नाव गुलामीचं कसं होईल? आपल्या भागात नवीन पोरांत जेठ्या नाव ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बिरसाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आता पोरांना ते नाव ठेवतातही. चांगली गोष्ट आहे. पण ते नाव कुठून आलं ते माहीत आहे का? छोटा नागपूरच्या मुंडा लोकांतही वारावरून नाव ठेवायची रीत. गुरुवारचा जन्म म्हणून बिरसा, असं सांगतात. म्हणजे आपला सुकुर आणि तिकडचा बिरसा एकाच रीतीचे भाऊ! मिशनच्या शाळेत असताना त्याला दाऊद हे नावही मिळालं होतं. पुढे त्याने मिशन सोडलं, जमिनीसाठी आणि जंगलासाठी लोक उभे केले, आणि १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात पंचविशीत मेला. दाऊद हे नाव आज किती जणांना आठवतं? लोकांनी गुरुवारचं नाव धरून ठेवलं. मग बिरसाच्या नावाने घोषणा द्यायची आणि घरातल्या सुकुरची लाज धरायची, हे कसं जमणार?

नाव द्यायची ताकद आपल्याकडेही आहे. गोदावरी परुळेकर शहरातून आल्या, इथल्या लोकांनी त्यांना गोदाराणी केलं. ते नाव कुठल्या रजिस्टरवर नव्हतं तरी ते चाललं.

नावाची चूक जमिनीवर कशी पडते

इथवर मानाची गोष्ट झाली. आता पोटाची.

एका माणसाचं उदाहरण घ्या. घरात त्याला सुकुर म्हणतात. गुरुजींना ते नाव आवडलं नाही, शाळेत सुरेश लिहिलं. रेशनकार्डावर सुक्या. मतदार यादीत शंकर, कारण यादी लिहिणाऱ्याला तसं ऐकू आलं. फॉरेस्टच्या दंडाच्या पावतीवर सुकऱ्या. आडनावाच्या जागी कुठे कुळाचं नाव, कुठे नुसतं 'वारली'. हजार माणसांच्या आडनावाच्या जागी एकच जात लिहून ठेवली, म्हणजे नोंद माणसाची झाली नाही, जातीची झाली.

आता हा एकच माणूस कागदावर चार माणसं आहे. रोजगार हमीच्या मस्टरवर एक नाव, ओळख पटवायला दुसरं, तिथेच पगार अडतो. पण खरा घोटाळा पुढे आहे.

सरकारने १९७८-७९ मध्ये फॉरेस्ट प्लॉट कायम करण्याचे ठराव काढले. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा पाहिजे होता. पुरावा म्हणजे काय, तर आपल्याकडे बहुतेकांजवळ दंडाची पावतीच. ज्या गार्डाने दंड घेतला त्यानेच नकळत आपला पुरावा लिहून दिला! पण पावती सुकऱ्याची आणि अर्ज सुरेशचा. साहेब म्हणतो, "हा सुकऱ्या कोण? त्याला घेऊन ये." सुकऱ्या समोरच उभा असतो.

दुसरी गोष्ट आदिवासींच्या जमिनी परत करण्याच्या १९७४ च्या कायद्याची. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन परत मिळण्याची सोय त्यात आहे. पण जमीन गेली आजोबाच्या नावावरची आणि मागायला आलाय नातू. जुन्या फेरफारावर 'लक्ष्या बिन जान्या', नातवाच्या दाखल्यावर आजोबाचं नाव लक्ष्मण. मधल्या बापाने आडनाव बदललेलं. समोरच्याचा वकील एवढंच विचारतो, "लक्ष्या आणि लक्ष्मण एकच कशावरून?" कायदा आपल्या बाजूचा, जमीन आपली, आणि सगळं अडतं ते एका 'मण'वर.

म्हणून नाव बदलणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे. सुनील, संजय, राजेश ही नावं वाईट नाहीत. सिनेमातलं नाव ठेवलं म्हणून कुणी आदिवासी राहत नाही असं होत नाही. पण बापाच्या नावाशी जोडणारी दोरी तोडू नका. तुमचं नाव राजेश असू द्या, पण बापाचं नाव सातबाऱ्यावर लक्ष्या असेल तर शाळेत, दाखल्यावर, अर्जावर लक्ष्याच लिहा, लक्ष्मण लिहू नका. बापाचं नाव 'सुधारून' लिहिलं तर त्यातून सुधारणा होत नाही, वारसा तुटतो.

बायांची नावं कुठे आहेत

पुरुषांची नावं चुकीची लिहिली म्हणून आपण ओरडतो. बायांची लिहिलीच नाहीत, त्याबद्दल कोण ओरडतं? सातबारा बघा, नांगरणी सोडली तर पेरणी, लावणी, निंदणी, कापणी बायांची आणि नाव पुरुषाचं. वारस नोंद करताना मुलगे सांगितले जातात, मुली लग्न होऊन गेल्या म्हणून सोडून देतात. कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही की वारसांत फक्त मुलगेच सांगा. हे आपणच तोंडी करतो.

त्यात एक नवीन खूळ आलंय. शहरातल्यासारखं लग्नात नवरीचं नाव तांदळाच्या ताटात लिहून बदलायचं. माहेरची सोमी सासरी सुनीता झाली. उद्या बापाच्या जमिनीत हिस्सा मागायला गेली तर तिलाच सिद्ध करावं लागेल की सोमी मीच. आपल्या डोकऱ्या शेवटपर्यंत सोमीच राहिल्या, त्यांचं काही अडलं नाही. बायांचं नाव बदलायची रीत आपल्याकडे नव्हती, मुद्दाम कशाला आणता?

आणि बायांनो, एक तुम्हालाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत अनेक जणी पाळतात. घरात पाळायची तर पाळा. पण तलाठ्याने नवऱ्याचं नाव विचारलं की तुम्ही लाजून गप्प बसता आणि मागून कुणीतरी कायतरी सांगतं. तो ते लिहितो. तेच पुढे चिकटतं. कचेरीत नवऱ्याचं नाव मोठ्याने, बरोबर घ्या. उखाण्यात घेता, मग अर्जात का नाही?

आता करायचं काय

१) घरातले सगळे कागद एका जागी आणा: सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, दंडाच्या पावत्या, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जातीचा दाखला. कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. कुठे कुठलं नाव आहे ते एका कागदावर लिहा. दंडाची पावती फाटली असली तरी टाकू नका.

२) एक नाव ठरवा. शक्यतो जमिनीच्या कागदावर जे आहे ते. बाकीची नावं 'ऊर्फ' लावून जोडा: सुकुर ऊर्फ सुरेश. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. ऊर्फ हा लहान शब्द आहे, पण त्याने दोन कागद जोडले जातात.

३) सातबाऱ्यावर नाव चुकलं असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करून मागता येते. अर्ज तहसीलदाराकडे द्या आणि पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही.

४) घरातला माणूस वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस सांगा. कलम १४९ मध्ये तोंडी सांगितलेलंही चालतं, पण तलाठ्याने लेखी पोच द्यायची असते. ती मागा. बायकोचं आणि मुलींचं नाव सांगा. चावडीवर फेरफाराची नोटीस लागली की वाचणाऱ्याला घेऊन जा आणि नाव अक्षर न अक्षर तपासा.

५) पोराला शाळेत घालताना आई किंवा बाप स्वतः जा. गुरुजींना आधी सांगा, "आम्ही जे नाव सांगतो तेच लिहा. सुकुर म्हणजे सुकुर." जन्मतारीख ग्रामसेवकाकडे नोंदवली असेल तर तो दाखला न्या. १ जून लिहू देऊ नका.

६) कार्यकर्त्यांनी अर्ज लिहिताना नाव 'शुद्ध' करू नये. सोम्याचं सोमनाथ आपणच करायला लागलो तर तलाठ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? माणसाला विचारा, तो सांगेल तसं लिहा, आणि परत वाचून दाखवा.

शेवटी मत एवढंच. पोराचं नाव राजेश ठेवा, बिरसा ठेवा, नाहीतर सुकुर ठेवा. ते तुमच्या घरात ठरू द्या, आणि ठरवताना आईला विचारा. शाळेत, फॉरेस्ट चौकीत आणि चावडीवर ते ठरायला नको. प्लॉट आपल्या नावावर करा अशी मागणी आपण करतो. प्लॉट नावावर व्हायचा तर आधी नाव आपल्या हातात पाहिजे.

तुमच्या पाड्यावर कागदातल्या नावामुळे कुणाचं काम अडलं असेल तर पुढच्या बैठकीत कागद घेऊन या. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. तुम्ही सांगाल तेच नाव लिहू.

— एक कार्यकर्ता